पदरात घेतलेलं मूल
(विहाराच्या वर्षावास प्रवचनमालेत, २०२५ साली, केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला बोलायला सांगितलं तेव्हा आम्ही आधी नाहीच म्हणालो. आम्ही काही वक्ते नाही. आमच्यापैकी एकाने सारी नोकरी बस चालवण्यात घालवली आणि एक जण आजही अंगणवाडी चालवते. इथे बोलून गेलेली मंडळी अभ्यासू होती. पण समितीने सांगितलं, "तुम्ही दोन मुलं पदरात घेतली, वाढवली, त्याविषयीच बोला. वस्तीत आणखी दोन-तीन घरांत तसा विचार चालू आहे." मग घरी जाऊन थोरल्याला विचारलं. कारण गोष्ट आमची असली तरी आयुष्य त्याचं आहे. तो म्हणाला, "सांगा. पण नाव घेऊ नका. आणि त्या केळ्यांचं पण सांगा."

म्हणून केळ्यांपासूनच सुरुवात करतो. आणि मुलांची नावं घेणार नाही, तुम्हाला ती ठाऊक असली तरी. स्मरणिकेत छापलं जाईल ते उद्या परकी माणसंही वाचतील.

२०११ सालची बुद्ध पौर्णिमा. थोरला आमच्या घरी येऊन वर्षही झालं नव्हतं. आला तेव्हा साडेचार वर्षांचा होता, त्या दिवशी पाच पूर्ण. वंदना झाली, खीरदान सुरू झालं, आणि कुणाच्या तरी लक्षात आलं की फळांच्या परातीतली केळी कमी झालीत. हा पोरगा मागच्या जिन्याखाली बसलेला. शर्टात केळी, चड्डीच्या खिशात पेढे, आणि तोंडात इतकं कोंबलेलं की श्वास घेता येईना. त्याला हाताला धरून सगळ्यांसमोर आणलं गेलं. कुणी हसलं. कुणी म्हणालं, "विहारातच चोरी?" आणि एक वाक्य आमच्या कानावर पडलं, ते आजही पडतं. "कुणाचं रक्त आहे कुणास ठाऊक."

आम्ही त्याला उचललं आणि घरी गेलो. त्यानंतर दीड वर्ष आम्ही या विहाराची पायरी चढलो नाही.

हे सांगताना आज मनात राग नाही. त्या दिवशी आम्हालाही काही कळत नव्हतं. तो का असं करतो हे आम्हालाच ठाऊक नव्हतं, मग वस्तीला कुठून असणार? घरात त्याला काही कमी नव्हतं. दोन वेळचं पोटभर जेवण, दूध, खाऊ, सगळं होतं. तरी उशीखाली शिळी चपाती सापडायची. दप्तरात भात सापडायचा, बुरशी आलेला. आम्ही रागवायचो, "अरे, मागितलं असतंस तर दिलं नसतं का?" तो नुसता बघत राहायचा.

आता थोडं मागे जातो. लग्नाला बारा वर्षं झाली, मूल नव्हतं. दवाखाने झाले, नातेवाइकांचे सल्ले झाले. मग संस्थेतून मूल घ्यायचं ठरलं. सगळ्यांना तान्हं बाळ हवं असतं. आम्हालाही हवं होतं. पण संस्थेत गेलो तेव्हा हा मुलगा दारातच उभा होता. तो थेट येऊन मांडीवर बसला आणि "चला" म्हणाला. आम्हाला वाटलं, काय हे प्रेम! पहिल्या भेटीतच पोरानं आपल्याला आईबाप मानलं! पुढे कळलं की तो कुणाच्याही मांडीवर बसतो. बसमधल्या अनोळखी माणसाचा हात धरून उतरायला निघायचा. ते प्रेम नव्हतं. मोठं माणूस दिसलं की चिकटायचं, कारण उद्या ते असेलच असं नाही, हे तो शिकून आला होता. ज्या मुलाला आपलं माणूस आणि परकं माणूस यांतला फरक शिकायला कुणी मिळालंच नाही, ते मूल असं वागतं.

त्याची पहिली चार वर्षं कशी गेली ते आम्हाला पूर्ण ठाऊक नाही. जेवढं ठाऊक आहे तेवढंही इथे सांगणार नाही, ते त्याचं आहे. एवढंच सांगतो की त्यात भूक होती आणि मार होता.

आम्हाला हे समजावून सांगितलं ते महापालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलातल्या एका डॉक्टरबाईंनी. शाळेतून रोज तक्रार यायची. बाकावर बसत नाही, मध्येच उठतो, दुसऱ्याची वही फाडतो, बाई बोलतात ते ऐकतच नाही. दोन शाळांनी काढलं. तिसरीने चिठ्ठी दिली, "मुलाला दाखवून आणा." बाईंनी तीन-चार वेळा बोलावलं, खेळायला दिलं, चित्रं काढायला दिली, आमच्याशी तासभर बोलल्या. मग म्हणाल्या, "तुमच्या मुलाला दोन गोष्टी एकदम आहेत. एक त्याच्या मेंदूच्या घडणीतली, एडीएचडी. लक्ष टिकत नाही, अंग स्थिर राहत नाही, मनात आलं की हात चालतो. दुसरी मनावरच्या घावाची. दोन्हींचं रूप सारखंच दिसतं. म्हणून कुठलं कशामुळे, हे पटकन सांगता येत नाही, आणि सांगायची घाईही करू नका."

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली ती आमच्या कायम लक्षात राहिली. तान्हं बाळ रडतं, कुणीतरी धावत येतं, दूध देतं, उचलून घेतं. असं हजार वेळा झालं की बाळाच्या अंगात एक भरवसा मुरतो. पण जे बाळ रडतं आणि कुणीच येत नाही, ते हळूहळू रडायचंच सोडतं. लोक म्हणतात, "किती शहाणं बाळ!" ते शहाणं नसतं, त्याने आशा सोडलेली असते. आणि मेंदू घडायच्या दिवसांतच हे झालं तर पुढे घर मिळालं तरी शरीर धोक्याचीच वाट बघत राहतं. भांडं पडलं तरी दचकतं. जेवण समोर असलं तरी उद्याचं लपवून ठेवतं.

आम्हाला तेव्हा आठवलं, आमचा थोरला पडला, गुडघा फुटला, तरी रडत नसे. आम्ही कौतुकाने सांगायचो, "पोरगं भारी धीट आहे."

बंधू-भगिनींनो, हे काही एका डॉक्टरबाईंचं मत नाही. यावर जगात मोठा अभ्यास झाला आहे आणि त्यामागे एक फार दुःखद कहाणी आहे. रुमानिया नावाचा देश युरोपात आहे. तिथली चाउसेस्कूची राजवट डिसेंबर १९८९ मध्ये कोसळली तेव्हा जगाला कळलं की तिथल्या सरकारी अनाथालयांत लाखाहून अधिक मुलं कोंडल्यासारखी वाढत आहेत. एका बाईकडे कितीतरी बाळं. दूध मिळे, पण मांडी मिळत नसे. त्यातली काही मुलं इंग्लंडमधल्या घरांनी दत्तक घेतली. मायकेल रटर नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १६५ मुलांचा मोठेपणापर्यंत अभ्यास केला. जी मुलं सहा महिन्यांच्या आत घरी आली ती जवळजवळ इतर मुलांसारखीच वाढली. जी त्याहून जास्त काळ त्या अनाथालयात राहिली, त्यांतल्या बऱ्याच जणांना पुढेही त्रास राहिला. लक्ष न टिकणं, माणसांत मिसळताना अडखळणं, परक्याला चिकटणं. २०१७ साली त्यांच्या तरुणपणाचा अहवाल आला. त्यात दोन गोष्टी दिलासा देणाऱ्या होत्या. जास्त काळ तिथे राहिलेल्या मुलांची बुद्धीची वाढ जी लहानपणी मागे दिसत होती, ती तरुणपणी भरून आली होती. आणि त्यांच्यातली पाचातली सुमारे एक जण तर कुठल्याच वयात अशा त्रासात सापडली नव्हती.

दुसरा अभ्यास खुद्द रुमानियाच्या राजधानीत, बुखारेस्टला झाला. २००० सालानंतर तिथे १३६ लहान मुलांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निवडून पालक कुटुंबांत ठेवलं आणि वर्षानुवर्षं पाहिलं. कुटुंबात गेलेली मुलं सुधारली, आणि दोन वर्षांच्या आत गेलेली जास्त सुधारली.

आपल्याकडची संस्था म्हणजे रुमानिया नव्हे. चांगल्या संस्था आहेत, जीव लावणाऱ्या ताई आहेत. पण यातून शिकायचं ते एवढं, की घराला पर्याय नाही, जितकं लवकर तितकं बरं, आणि उशीर झाला म्हणून काहीच होत नाही असंही नाही.

आता जे सांगणार आहोत ते सांगायला जड जातं. पण थोरल्याच्या केळ्यांचं सांगितलं, तर आमचंही सांगायला हवं.

एका संध्याकाळी त्याने शेजारच्या मुलाच्या डोक्यात पाटी मारली. रक्त आलं. शेजारी दारात येऊन बोलले. दिवसभराची ड्युटी झालेली, डोकं तापलेलं. मुलाच्या वडिलांनी त्याला मारलं. एक नाही, चार-पाच तडाखे. आई मध्ये पडली नाही, तिलाही वाटलं की आता शिस्त लागायलाच हवी. मुलगा रडला नाही. पळाला नाही. हात खाली सोडून ताठ उभा राहिला, जसा पुढचा तडाखा कधी येतो याची त्याला नेमकी माहिती होती. मार थांबला तेव्हा तो शांतपणे डब्याजवळ गेला, दोन चपात्या घेतल्या आणि खाटेखाली जाऊन बसला. रात्रभर तिथेच.

त्या रात्री आम्हाला कळलं की मार त्याला नवा नव्हता. नवं एवढंच होतं की आता तो आमच्या हातूनही मिळाला. इतक्या दिवसांत जो थोडा भरवसा जमला होता तो आम्ही पाच मिनिटांत खर्च केला. पहाटे त्याचे वडील खाटेखाली सरपटत गेले, त्याच्या शेजारी आडवे झाले आणि म्हणाले, "चूक माझी. पुन्हा हात उचलणार नाही." तो काही बोलला नाही. बऱ्याच वेळाने त्याने हातातली अर्धी चपाती वडिलांना दिली.

त्यानंतर आमच्या घरात हात उचलला गेला नाही. ओरडणं झालं, माणसं आहोत. पण हात नाही.

मग काय केलं? आईबाप होऊ पाहणाऱ्यांच्या उपयोगाला येईल असं थोडं सांगतो.

पहिलं, अन्न. डॉक्टरबाई म्हणाल्या, "लपवू नको म्हणू नका. त्याला त्याचा डबा द्या." आम्ही एक झाकणाचा डबा आणला, त्यात शेंगदाणे, गूळ, फुटाणे, कधी चिक्की. हा डबा त्याचा, त्याच्या हाताला येईल अशा ठिकाणी, कधीही उघडायचा, कुणाला विचारायचं नाही. आणि तो कधी रिकामा राहू द्यायचा नाही. पहिला महिना दिवसाला तीनदा भरावा लागला. मग दोनदा. वर्षभराने तो डबा आठवडाभर तसाच राहू लागला. उशीखालची चपाती आपोआप बंद झाली.

दुसरं, दिवसाचा ठरलेला क्रम. उठणं, आंघोळ, शाळा, खेळ, जेवण, झोप, सगळ्यांची चित्रं काढून भिंतीवर चिकटवली. बदल असेल तर आदल्या दिवशी सांगायचं. अचानक पाहुणे, अचानक गावाला जाणं यांनी तो बिथरायचा. पुढे काय होणार हे कळलं की अर्धा तापटपणा कमी व्हायचा.

तिसरं, शिक्षा. खोलीत कोंडणं, "जा, बोलू नको माझ्याशी," "परत सोडून येईन हं," हे शब्द अशा मुलाला कधीही बोलू नका. गमतीतसुद्धा नाही. ज्याला एकदा सोडून दिलेलं आहे त्याला ती गंमत कळत नाही. तो चिडला की आम्ही त्याला दूर पाठवायच्या ऐवजी जवळ बसवू लागलो. बोलायचं नाही, उपदेश करायचा नाही. नुसतं बसायचं. वादळ ओसरलं की मग बोलणं. मोडलं असेल ते त्याच्याबरोबर बसून जोडायचं, दुखावलं असेल त्याच्याकडे त्याच्याबरोबर जायचं.

चौथं, औषध. एडीएचडीसाठी डॉक्टर कधी औषध देतात. आमच्या मुलाला काही वर्षं दिलं. वस्तीत लोक म्हणाले, "पोराला वेड्याच्या गोळ्या देतात." चष्मा लागला तर चष्मा देतो की नाही? तसंच आहे. घ्यायचं की नाही, किती, किती दिवस, ते डॉक्टर ठरवतील, शेजारी नव्हे. पण नुसत्या गोळीने घाव भरत नाही, त्याला माणसं लागतात.

पाचवं, स्वतःची काळजी. आम्ही दोघंही थकलो. एकदा तर "आपण चूक केली का?" असं एकमेकांना विचारलं. असं विचारणारे आईबाप वाईट नसतात, थकलेले असतात. पदरात घेतलेली मुलं परत संस्थेत नेऊन सोडल्याची उदाहरणं आहेत. त्या लोकांना नावं ठेवणं सोपं आहे. पण त्यांना वेळीच कुणी दोन तास मुलाकडे बघणारं, समजून घेणारं मिळालं असतं तर कदाचित ती पाळी आली नसती.

आता धाकटीविषयी. ती २०१४ च्या अखेरीस आली, चौदा महिन्यांची. आम्हाला वाटलं, ही लहान आहे, हिचं सोपं जाईल. पण ती हाक मारली तरी बघेना, बोट दाखवून काही मागेना, एकच झाकण तासनतास फिरवत बसे. अंगणवाडीत दुसऱ्यांची मुलं तपासायला पाठवणाऱ्या तिच्या आईला आपल्या घरातलं दिसत नव्हतं. "संस्थेत होती ना, म्हणून," असं म्हणून आम्ही दोन वर्षं घालवली. ती चार वर्षांची असताना कळलं की तिला स्वमग्नता आहे, म्हणजे ऑटिझम. हा घाव नव्हे, ही तिच्या मेंदूची जन्मजात वेगळी ठेवण आहे. प्रेम कमी पडलं म्हणून ते होत नाही आणि प्रेम जास्त दिलं म्हणून जात नाही. पण लवकर शिकवायला घेतलं तर मूल खूप काही शिकतं.

थोरल्याच्या वेळी शिकलेलं इथे उलटं पडलं. त्याला जवळ बसवायचं, तर हिला कधीकधी एकटं सोडायचं. त्याला कुशीत घेतलं की शांत व्हायचा, हिला घट्ट धरलं की ती किंचाळायची. दोन मुलं, दोघांची कुलपं वेगळी, एक किल्ली दोन्हीकडे चालत नाही.

तिला आवाजाचा त्रास होतो. तुम्ही पाहिलं असेल, जयंतीला लाउडस्पीकर लागला की ती कान दाबून जमिनीवर लोळते. ते नखरे नाहीत. आपल्याला जो आवाज मोठा वाटतो तो तिला टोचतो.

आता कायद्याचं थोडं, कारण माहिती नसल्याने आपली माणसं फसतात. १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा आपल्या बौद्धांनाही लागू आहे. पण अनाथ, सोडून दिलेलं किंवा आईबापांनी बालकल्याण समितीकडे सुपूर्द केलेलं मूल घ्यायचं तर ते २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे, केंद्रीय दत्तक प्राधिकरण म्हणजे 'कारा' कडे नाव नोंदवूनच घ्यावं लागतं. आम्हाला कोर्टातून आदेश मिळाला होता. सप्टेंबर २०२२ पासून तो जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळतो. कुणी दलाल, कुणी नर्सबाई "परस्पर बाळ देतो" म्हणाली तर हात लावू नका. तो गुन्हा आहे आणि मुलाच्या जिवाशीही खेळ आहे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचे दिव्यांगत्व मानलेले आहे. पूर्वीच्या १९९५ च्या कायद्यात सातच होते. स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता आता त्यात आहे. एडीएचडी मात्र त्या यादीत वेगळं नाव घेऊन नाही, हे लक्षात ठेवा. आमच्या थोरल्याला वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमताही निघाली, म्हणून त्याला प्रमाणपत्र मिळालं आणि दहावीला जादा वेळ मिळाला. धाकटीचं यूडीआयडी कार्ड काढलं. स्वमग्न मुलांसाठी राष्ट्रीय न्यासाचा 'निरामय' विमा आहे, एक लाखापर्यंतचा. लहान मुलांची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मोफत होते, २०१३ पासून. अंगणवाडीत विचारा. मूल हाकेला बघत नसेल, बोलत नसेल, तर "होईल हळूहळू" म्हणून आमच्यासारखी दोन वर्षं घालवू नका.

आता त्या वाक्याकडे परत येतो. "कुणाचं रक्त आहे कुणास ठाऊक."

हे वाक्य दुसऱ्या कुठल्या वस्तीत ऐकलं असतं तर इतकं लागलं नसतं. पण हे आपल्या विहारात ऐकलं. आपल्या आजा-पणजांना याच वाक्याने गावाबाहेर ठेवलं होतं. जन्मावरून माणूस ठरत नाही, हे सांगण्यासाठी बाबासाहेबांनी १९५६ साली आपल्याला नागपूरला धम्म दिला. मग पदरात घेतलेल्या मुलाची जात कोणती, आईबाप कोण, रक्त कुणाचं, हे आपण कुठल्या तोंडाने विचारतो? आम्हाला संस्थेच्या कागदावर त्याची जात दिसली नाही. दिसली असती तरी आम्ही ती वाचली नसती.

आणि पदरात घेणं आपल्याला परकं आहे का? सिद्धार्थाची आई महामाया तो सात दिवसांचा असताना गेली. त्याला वाढवलं ते महाप्रजापती गौतमीने. लहानग्या भीमरावाची आई गेली तेव्हा त्याला सांभाळलं आत्या मीराबाईंनी. ज्यांच्या प्रतिमांसमोर आपण रोज हात जोडतो त्या दोघांनाही जन्म देणारी एक आणि वाढवणारी दुसरी होती. मग आमच्या घरात तसं असलं तर कुजबुज कशाला?

आम्ही परत विहारात कसे आलो तेही सांगायला हवं, नाहीतर गोष्ट अर्धी राहील. शेवटच्या गल्लीतल्या आजी आज आपल्यात नाहीत. त्या एका रविवारी घरी आल्या, चहा घेतला, आणि थोरल्याला म्हणाल्या, "बाळा, पुढच्या पौर्णिमेला ये. तुझी वाटी मी वेगळी काढून ठेवणार आहे. तू आला नाहीस तर ती तशीच राहील." तो गेला. वाटी होती. पुढच्या पौर्णिमेला गेला, वाटी होती. आजी असेपर्यंत एकही पौर्णिमा वाटी चुकली नाही. डॉक्टरबाईंनी आम्हाला जे तासभर समजावलं ते आजींनी कुठल्याही शाळेत न जाता ओळखलं होतं. या मुलाला खीर नको होती. त्याला आपल्यासाठी कुणीतरी काही राखून ठेवतं, हे बघायचं होतं.

म्हणून विहाराला आमच्या तीन छोट्या विनंत्या आहेत. एक, कार्यक्रमाच्या वेळी मागची खोली शांत ठेवा, तिथे स्पीकर लावू नका. आमच्या धाकटीसारखी मुलं आणि काही म्हातारी माणसंही तिथे बसतील. दोन, कुणाच्याही मुलाला सर्वांसमोर चोर, वेडा, "त्यांचं घेतलेलं" असं म्हणू नका. बाजूला घ्या, आईबापांना सांगा. तीन, महिला मंडळाने महिन्यातून एकदा अशा घरांतल्या आईबापांना दोन तास सुटी मिळेल असं काही करावं. खर्च काही नाही, फक्त माणूस हवा.

शेवटचं सांगून थांबतो.

थोरला गेल्या वर्षी अठरा पूर्ण झाला. नियमाप्रमाणे अठरानंतर दत्तक मूल स्वतः अर्ज करून आपल्या मुळाचा शोध घेऊ शकतं. आम्ही त्याच्यापासून दत्तक असल्याचं कधी लपवलं नव्हतं. लपवू नका असंच आम्ही सर्वांना सांगतो, कारण बाहेरच्याने सांगितलं तर मुलाचा आपल्यावरचा भरवसा जातो. तरी त्याने एका रात्री जेवताना विचारलं, "मी अर्ज करू का?" तेव्हा आई पाणी आणते म्हणून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

तो आत गेला. म्हणाला, "मी जाणार नाहीये कुठे. मला फक्त बघायचंय, ती जिवंत आहे का. तिला सांगायचंय की मी जेवतो."

अर्ज आम्ही तिघांनी मिळून भरला. अजून काही कळलेलं नाही. कदाचित कळणारही नाही. त्याला ते ठाऊक आहे. आयटीआयमध्ये वीजतंत्रीचं दुसरं वर्ष त्याने यंदा पूर्ण केलं. आज या सभागृहातले पंखे चालू आहेत, त्यांतले दोन त्यानेच दुरुस्त केलेत. अजूनही तो चिडतो, अजूनही किल्ल्या हरवतो, अजूनही भांडं पडलं की दचकतो. बरं झालं म्हणजे सगळं पुसलं गेलं असं नसतं.

तो शेंगदाण्यांचा डबा आजही स्वयंपाकघरात त्याच जागी आहे. आता तो धाकटीसाठी भरतो. त्याला कुणी सांगितलेलं नाही.

ज्या घरांत असं मूल आणायचा विचार चालू आहे त्यांनी आमच्याकडे केव्हाही यावं. दार उघडंच असतं.

जयभीम. नमो बुद्धाय.